बिनमालकीच्या मुलखातले शेजारी

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचे पाणी त्या त्या देशाचे असते. पुढे २०० मैलांपर्यंत मासळी आणि तळाची खनिजे यांवर त्या देशाचा हक्क चालतो, मात्र परक्या जहाजांची ये-जा त्याला अडवता येत नाही. त्याच्या पलीकडचा खुला समुद्र कोणाचाच नाही. खोल समुद्राचा तळ, अंटार्क्टिका खंड आणि अंतराळ यांचीही स्थिती थोड्याफार फरकाने अशीच आहे. अशा जागांना सामायिक जागतिक क्षेत्रे म्हणतात. तिथे पोलीस ठाणे नसते, तलाठी नसतो आणि सातबाराही नसतो. जे काही चालते ते करारांवर, रिवाजावर आणि ज्यांच्याकडे जहाजे, रॉकेटे व पैसा आहे अशा देशांच्या मर्जीवर चालते. हे देश म्हणजे अमेरिका, चीन, रशिया आणि आता काही प्रमाणात भारत. एकमेकांवर त्यांचा विश्वास नाही. तैवान, युक्रेन, लडाख अशी त्यांच्या भांडणांची ठिकाणे जमिनीवर आहेत. तरीही बिनमालकीच्या मुलखात त्यांना शेजारी म्हणून वावरावे लागते. तिथे ते एकत्र कितपत काम करू शकतात, याचे बरेचसे उत्तर मुंबई, गोवा आणि चंद्रपूर या तीन ठिकाणी घडलेल्या गोष्टींतून मिळते.

हा विषय किनाऱ्यावरच्या लोकांपुरता नाही. भिवंडी तालुक्यातले अकलोली हे तानसा नदीकाठचे, गरम पाण्याच्या कुंडांसाठी ओळखले जाणारे गाव समुद्रापासून बरेच आत आहे. पण त्याच तालुक्यातली गोदामे देशातल्या सर्वांत मोठ्या गोदाम-पट्ट्यांपैकी एक मानली जातात, आणि न्हावाशेवा बंदरात उतरणाऱ्या मालाचा मोठा हिस्सा तिथे येऊन पडतो. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले की युरोपला जाणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालतात, भाडे वाढते, कंटेनर अडकतात. २०२४ च्या सुरुवातीला नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांना त्याची झळ ऐन हंगामात बसली. द्राक्षे नाशवंत आहेत, त्यामुळे प्रवासातला प्रत्येक जादा दिवस त्यांच्या मुळावर येतो.

समुद्रावर शत्रूंनी एकत्र येण्याचा प्रकार कोकणाला नवा नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी कर्ताझ नावाचे परवाने सुरू केले. परवाना नसलेले गलबत पकडले जाई, माल जप्त होई. खुला समुद्र सर्वांचा ही समजूत त्यांनी बंदुकीच्या जोरावर मोडीत काढली. पुढे कान्होजी आंग्र्यांनी मराठ्यांच्या वतीने स्वतःचे दस्तक चालू केले, आणि जो हक्क पोर्तुगीज व इंग्रज स्वतःसाठी मागत होते तोच मराठी आरमारही मागू लागले. या दोन्ही फिरंगी सत्ता एकमेकींच्या स्पर्धक होत्या, तरी १७२१ च्या अखेरीस आंग्र्यांच्या कुलाब्यावर त्यांनी मिळून चढाई केली. चढाई फसली. पहिला बाजीराव मदतीला येताच पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून मराठ्यांशी परस्पर तह केला. अठरा वर्षांनी, १७३९ मध्ये, चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. अकलोलीला लागून असलेले वज्रेश्वरीचे मंदिर त्याच विजयाची आठवण आहे.

यानंतरचे उदाहरण अधिक बोचरे आहे. १७५५ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांना नमवण्यासाठी मुंबईच्या इंग्रजांशी हात मिळवला. त्या वर्षी सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला आणि बंदरातले मराठी आरमार जळून खाक झाले. किल्ल्यातली लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. बाणकोट आणि आसपासची गावे कायमची पदरात पाडून घेतल्यावरच त्यांनी विजयदुर्ग सोडला. पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना तोंड देऊ शकणारे आरमार पेशव्यांनी अशा रीतीने इंग्रजांच्याच हातून संपवले. दोन स्पर्धकांनी मिळून तिसऱ्याला मारले, पण नंतर समुद्र कोणाच्या ताब्यात राहणार हे आधी ठरले नव्हते. ते ठरले नसेल तर सहकार्याचे फळ बलवानाच्या पदरात पडते. आजच्या वाटाघाटी करणाऱ्यांनीही विजयदुर्गाची ही हकिकत वाचावी अशी आहे.

आधुनिक कायदा अशाच अनुभवांतून घडला. १९८२ चा संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायद्याचा करार १९९४ मध्ये लागू झाला. खुल्या समुद्रावरच्या चाचेगिरीविरुद्ध सर्व देशांनी सहकार्य करावे, असे त्याचे शंभरावे कलम सांगते. चाच्यांचे जहाज कोणत्याही देशाच्या आरमाराला पकडता येते आणि त्या देशाच्या न्यायालयाला शिक्षा देता येते, अशीही त्यात तरतूद आहे. अमेरिकेने हा करार आजवर मंजूर केलेला नाही, तरी तिचे आरमार बहुतांशी त्याच नियमांनी वागते. चीनने तो मंजूर केला आहे, पण दक्षिण चीन समुद्राबाबत २०१६ मध्ये लवादाने दिलेला निकाल त्याने धुडकावला. करारावर सही असणे आणि तो पाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे स्पष्ट दिसते.

शंभराव्या कलमाची भारतातली पहिली मोठी परीक्षा १९९९ मध्ये झाली. ‘अलोंड्रा रेनबो’ हे जपानी मालकीचे, पनामाचा झेंडा लावलेले जहाज सुमारे सात हजार टन ॲल्युमिनियम घेऊन इंडोनेशियाहून जपानला निघाले आणि वाटेत चाच्यांनी बळकावले. त्याच्यावरच्या १७ जणांना होडीत घालून समुद्रात सोडून देण्यात आले. थायलंडच्या मासेमारी बोटीने त्यांना वाचवले. जहाजाचे नाव आणि रंग बदलला गेला, पण क्वालालंपूरच्या चाचेगिरी निरीक्षण केंद्राने सर्वत्र सूचना पाठवल्या होत्या. भारतीय तटरक्षक दल आणि नौदल यांनी त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात पाठलाग करून ते पकडले आणि मुंबईला आणले. २००३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने आरोपींना सात वर्षांची शिक्षा दिली. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना सोडले. भारताच्या कायद्यात चाचेगिरी हा स्वतंत्र गुन्हाच नव्हता. पाच-सहा देशांनी मिळून केलेली कामगिरी अखेर एका देशाच्या कायद्यातल्या पोकळीत अडकली. या घटनेतून आशियाई देशांमध्ये चाचेगिरीविरोधी प्रादेशिक करार झाला. तो २००६ मध्ये लागू झाला, त्याचे माहिती केंद्र सिंगापूरला आहे आणि भारत, चीन, जपान हे तिघेही त्यात आहेत. इंडोनेशिया आणि मलेशिया मात्र बाहेर राहिले.

मग सोमालिया आला. जून २००८ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १८१६ एकमताने मंजूर केला आणि परक्या आरमारांना चाच्यांच्या मागे सोमालियाच्या हद्दीत शिरण्याची मुभा दिली. अमेरिका, रशिया आणि चीन या तिघांनीही एकाच बाजूला मत दिले. २००९ च्या सुरुवातीपर्यंत एडनच्या आखातात युरोपीय संघाची, अमेरिकेच्या मित्रदेशांची, रशियाची, भारताची आणि चीनची जहाजे गस्त घालू लागली. बहारीनमध्ये या सर्वांचे अधिकारी भेटून माहितीची देवाणघेवाण करत. भारत, चीन आणि जपान यांनी २०१२ पासून आपापल्या संरक्षित ताफ्यांच्या वेळा जुळवून घेतल्या. तिघांचेही ताफे एकाच दिवशी निघून मधले दिवस रिकामे जाऊ नयेत, एवढाच हेतू होता. एकत्र सेनापती नाही, एकत्र झेंडा नाही, फक्त वेळापत्रक. याचा परिणाम आकड्यांत दिसतो. आंतरराष्ट्रीय सागरी ब्युरोच्या नोंदीनुसार सोमाली चाच्यांचे २०११ मध्ये २३७ हल्ले झाले होते. २०१२ मध्ये ते ७५ वर आणि २०१३ मध्ये १५ वर आले. जहाजांनी शस्त्रधारी रक्षक ठेवले, काटेरी तारा लावल्या, यांचाही त्यात वाटा होता. तरी इतक्या मोठ्या समुद्रावर गस्त घालणे एका देशाच्या आवाक्यातले नव्हते.

या यशाची किंमतही भारताने मोजली. जहाज कंपन्यांनी आणि विमा कंपन्यांनी ‘धोक्याचा प्रदेश’ पूर्वेकडे ७८ रेखांशापर्यंत सरकवला, म्हणजे भारताचा जवळजवळ सगळा पश्चिम किनारा त्यात आला. विमा महागला, आणि शस्त्रधारी रक्षक असलेली जहाजे मच्छीमारांच्या बोटींजवळून जाऊ लागली. फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ एका इटालियन जहाजावरच्या सैनिकांनी चाचे समजून दोन मच्छीमारांना गोळ्या घातल्या. ही रेषा मागे नेण्यासाठी भारताला २०१५ च्या अखेरपर्यंत खटपट करावी लागली.

सहकार्य कसे चालते आणि कुठे अडते हे ८ एप्रिल २०१७ च्या घटनेत लख्ख दिसते. एडनकडे निघालेल्या ‘ओएस ३५’ या मालवाहू जहाजाने चाचे चढल्याची हाक दिली. ‘आयएनएस मुंबई’ आणि ‘आयएनएस तरकश’ ही भारतीय जहाजे जवळ होती, चिनी युद्धनौकाही आली. चिनी पथकाने जहाजावर चढून तपासणी केली, भारतीय हेलिकॉप्टरने वरून पहारा दिला, आणि १९ फिलिपिनो खलाशी सुखरूप राहिले. भारताने दोघांच्या सहकार्याचा उल्लेख केला. चिनी निवेदनात भारताचे नाव सुरुवातीला आलेच नाही. पाण्यावरच्या अधिकाऱ्यांना एकमेकांशी बोलायला अडचण आली नाही; श्रेय वाटायची वेळ राजधानीवर आली तेव्हा हात आखडला.

कायद्यातली पोकळी भारताने २०२२ च्या सागरी चाचेगिरीविरोधी कायद्याने भरली. मार्च २०२४ मध्ये त्याचा उपयोग झाला. बल्गेरियाच्या मालकीचे ‘रुएन’ हे जहाज चाच्यांनी तीन महिने ताब्यात ठेवले होते. ‘आयएनएस कोलकाता’ने किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटरवर ते गाठले, नौदलाचे कमांडो विमानातून समुद्रात उतरवले गेले, आणि ४० तासांच्या कारवाईनंतर १७ खलाशी सुटले. ३५ चाच्यांना २३ मार्चला मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. अलोंड्रा रेनबोच्या वेळी न्यायालयात जे निसटले ते या वेळी निसटू नये, अशी तरतूद आधीच झालेली होती.

त्याच काळात, त्याच पाण्यात, महासत्तांचे सहकार्य साफ कोलमडलेही. येमेनच्या हूथी गटाने नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर क्षेपणास्त्रे सोडली. जानेवारी २०२४ मध्ये सुरक्षा परिषदेने निषेधाचा ठराव केला, पण चीन आणि रशिया तटस्थ राहिले. अमेरिकेने आपली मोहीम काढली, युरोपने वेगळी, चीनने फक्त आपली जहाजे सांभाळली. सोमाली चाच्यांच्या मागे एकही सरकार नव्हते. हूथींच्या मागे इराण होता, आणि इराणच्या मागे कोण उभे राहते हा महासत्तांच्या भांडणाचाच एक भाग होता. गुन्हेगाराला पाठीराखा मिळाला की समुद्रावरची एकजूट संपते. भविष्याविषयी बोलताना ही मर्यादा विसरून चालत नाही.

याउलट बुडणाऱ्याला वाचवण्याच्या बाबतीत शत्रुत्व फारसे आड येत नाही. मुंबईत तटरक्षक दलाचे सागरी शोध व बचाव समन्वय केंद्र आहे. ४ डिसेंबर २०२४ रोजी पोरबंदरहून इराणच्या बंदर अब्बासला निघालेले ‘अल पिरनपीर’ हे भारतीय गलबत पाकिस्तानच्या बचाव क्षेत्रात बुडाले. मदतीची हाक मुंबईच्या केंद्राला मिळाली, पाकिस्तानच्या केंद्राशी संपर्क झाला, दोन्ही बाजूंनी शोध घेतला आणि होडीत बसलेले बाराही खलाशी हाती लागले. दोन्ही देशांच्या सागरी दलांमध्ये २००५ मध्ये करार होऊन थेट फोनची सोय झाली होती. त्याच दोन देशांमध्ये पालघर जिल्ह्यातले आदिवासी आणि कोळी तरुण, गुजरातच्या बोटींवर कामाला गेलेले, हद्द ओलांडल्याच्या आरोपावरून वर्षानुवर्षे पाकिस्तानच्या तुरुंगात खितपत पडतात. दर १ जानेवारीला आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्यांची अदलाबदल होते, तेव्हा त्यांच्या घरच्यांना माणूस जिवंत आहे एवढे अधिकृतपणे कळते. खरे म्हणजे मच्छीमाराला पकडून न्यावेच लागत नाही, हटकून परत पाठवता येते. जे दोन देश रात्री अपरात्री खलाशी वाचवण्यासाठी बोलू शकतात, त्यांना हेही जमायला हवे.

जून २०२५ मध्ये ‘वान हाय ५०३’ या कंटेनर जहाजाला केरळसमोर आग लागली. ते कोलंबोहून न्हावाशेवाकडे येत होते. २२ जणांपैकी १८ जणांना भारतीय नौदल व तटरक्षक दलाने वाचवले. जहाजावर १४ चिनी नागरिक होते, त्यांतले सहा तैवानचे, असे चिनी दूतावासाने सांगितले आणि भारताचे आभार मानले. लडाखमधल्या गलवानच्या भारत-चीन चकमकीला तेव्हा पाच वर्षे होत होती.

अपघात टाळण्यासाठीही शत्रूंना बोलावे लागते. शीतयुद्धात अमेरिकी आणि सोव्हिएत युद्धनौका एकमेकींना घासून जात. २५ मे १९७२ रोजी मॉस्कोत दोन्ही आरमारांमध्ये करार झाला. कोणी कुठून जावे, खुणा कशा कराव्यात, तोफा रोखायच्या नाहीत, आणि दरवर्षी भेटून तक्रारी मांडायच्या, इतके साधे नियम त्यात होते. त्यात शस्त्रे कमी करण्याची भाषा नव्हती, मैत्रीचा दावा नव्हता. म्हणूनच तो अफगाणिस्तानच्या युद्धातही टिकला. अमेरिका आणि चीन यांच्यात १९९८ पासून अशी बोलणी आहेत, पण चीन राग व्यक्त करण्यासाठी ती बंद करतो. ऑगस्ट २०२२ मध्ये तैवानच्या प्रश्नावर ती थांबली आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस दोन्ही अध्यक्षांच्या भेटीनंतर पुन्हा सुरू झाली. संकटाच्या वेळीच ज्याची गरज असते ते दार संकट आले की लावून घेणे, हा आजच्या परिस्थितीतला सर्वांत धोक्याचा भाग आहे.

विज्ञानातल्या सहकार्याची कहाणी गोव्यात सापडते. १९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. शीतयुद्ध ऐन भरात होते, तरी सोव्हिएत ‘वित्याझ’ आणि अमेरिकी ‘अँटन ब्रून’ ही संशोधन जहाजे एकाच मोहिमेत होती. त्या मोहिमेतून उभ्या राहिलेल्या कामाला घर हवे होते, आणि १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. ती आज दोनापावलाला आहे. या संस्थेचे संचालक राहिलेले डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांचे पथक ६ डिसेंबर १९८१ रोजी मार्मागोवा बंदरातून ‘पोलर सर्कल’ या नॉर्वेजियन जहाजाने निघाले आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरले.

अंटार्क्टिका करार हे शत्रूंनी केलेल्या सामायिक व्यवस्थेचे सर्वांत यशस्वी उदाहरण. १ डिसेंबर १९५९ रोजी वॉशिंग्टनमध्ये १२ देशांनी त्यावर सह्या केल्या, त्यात अमेरिका आणि सोव्हिएत संघ दोघेही होते. सात देशांचे खंडावर दावे होते आणि त्यांतले काही एकमेकांवर चढलेले होते. कराराच्या चौथ्या कलमाने दावे मान्यही केले नाहीत, फेटाळलेही नाहीत. करार चालू आहे तोवर नवे दावे नाहीत आणि जुने वाढवणे नाही, इतकेच ठरले. लष्करी तळ, शस्त्रचाचण्या, अणुस्फोट यांना बंदी घातली गेली, आणि कोणीही कोणाच्याही केंद्राची तपासणी करू शकेल असा हक्क दिला गेला. मालकीचा वाद मिटवण्याऐवजी तो बाजूला ठेवला गेला, आणि तेवढ्याने ६० हून अधिक वर्षे निभावली. भारताने १९५६ मध्येच अंटार्क्टिकाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेण्याचा प्रयत्न केला होता, तो जमला नाही. अखेर १९८३ मध्ये भारत करारात सामील झाला आणि त्याच वर्षी निर्णयाचा हक्क असलेला सदस्य बनला. चीनला तो हक्क १९८५ मध्ये मिळाला.

वास्कोच्या सडा भागात राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे, आणि भारताच्या मोहिमा तिथून आखल्या जातात. १९८९ मधले ‘मैत्री’ हे केंद्र रशियाच्या नोवोलाझारेवस्काया केंद्राशेजारी आहे. केपटाऊनहून रशियन धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानसेवेचा लाभ भारतासह अनेक देश घेतात. २०१२ मध्ये उघडलेले ‘भारती’ लार्समन टेकड्यांत आहे. तिथे चीनचे झोंगशान, रशियाचे प्रोग्रेस, आणि ऑस्ट्रेलिया-रुमानियाचे केंद्र जवळजवळ आहेत. २००७ मध्ये दिल्लीत भरलेल्या बैठकीत हा परिसर विशेष व्यवस्थापनाखाली आणला गेला. ऑस्ट्रेलिया, चीन, भारत, रशिया आणि रुमानिया यांनी तो मिळून सांभाळायचा आहे: गाड्यांच्या वाटा कोणत्या, तळ्यांत काय टाकायचे नाही, इंधन कुठे साठवायचे. नकाशावर एरवी जे देश समोरासमोर उभे असतात ते इथे कचऱ्याच्या नियमांवर सहमत होतात. बर्फाच्या वादळात शेजाऱ्याचे ट्रॅक्टर आणि डॉक्टर हाच आधार असतो, हे त्यामागचे साधे कारण.

पण इथेही भेगा पडल्या आहेत. २०२२ मध्ये बर्लिनच्या बैठकीत रशियाच्या प्रतिनिधीचे भाषण सुरू होताच अनेक जण उठून गेले. युक्रेनही या कराराचा सदस्य आहे. मे २०२४ मध्ये कोचीला झालेल्या बैठकीत कॅनडा आणि बेलारूस यांना निर्णयाचा हक्क देण्यावर एकमत झाले नाही. सर्वांत मोठा ताण मासेमारीवर आहे. दक्षिण महासागरातल्या क्रिल नावाच्या लहान कोळंबीसारख्या जीवावर देवमासे, पेंग्विन, सील सगळे जगतात. रॉस समुद्रातला मोठा भाग २०१६ मध्ये रशिया आणि चीन यांच्या संमतीने राखीव झाला होता. त्यानंतर पूर्व अंटार्क्टिकासाठीचा प्रस्ताव याच दोघांनी वारंवार अडवला. क्रिल कोणत्या भागातून किती काढायचे याची वाटणी करणारा नियम २०२४ मध्ये संपला, नवा ठरला नाही, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये ६,२०,००० टनांची मर्यादा हंगाम संपण्याआधीच गाठली गेली. जिथे नुसते तापमान मोजायचे होते तिथे एकमत टिकले. जिथे जाळे टाकले की पैसा येतो तिथे ते ढासळू लागले.

हेच समुद्राच्या तळाचे. २६ जानेवारी १९८१ रोजी गोव्याच्या संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने अरबी समुद्राच्या तळातून मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट असलेला पहिला धातूगोळा वर काढला. १९८७ मध्ये भारत या क्षेत्रातला पहिला मान्यताप्राप्त गुंतवणूकदार ठरला. मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र त्याच्याकडे आहे. अशा क्षेत्रांचे परवाने जमैकातले आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण देते. तळ हा सर्व मानवजातीचा वारसा आहे, हे त्याचे तत्त्व. चीनकडे सर्वांत जास्त परवाने आहेत. अमेरिका सदस्यच नाही, आणि एप्रिल २०२५ मध्ये तिच्या अध्यक्षांनी प्राधिकरणाला वगळून परवाने देण्याचा आदेश काढला. एका मोठ्या देशाने रांग मोडली की बाकीच्यांना रांगेत उभे राहण्याचे कारण उरत नाही. याच्या उलट दिशेने एक पाऊल पडले आहे: खुल्या समुद्रातल्या जीवसृष्टीच्या रक्षणाचा करार २०२३ मध्ये झाला आणि ६० देशांची मंजुरी मिळून तो जानेवारी २०२६ मध्ये लागू झाला.

अंतराळ चंद्रपूरच्या लोकांनी अगदी जवळून पाहिले. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आणि उत्तर महाराष्ट्राच्या आकाशातून जळते पट्टे सरकले आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचे मोठे कडे येऊन पडले. जवळच्या भागांत गोळेही सापडले. चीनच्या ‘लाँग मार्च’ रॉकेटचा टप्पा परत येताना जळाला असावा, असे तज्ज्ञांनी सांगितले. इस्रोच्या पथकाने तुकडे तपासले. सुदैवाने कोणी दगावले नाही. १९६७ च्या अंतराळ करारानुसार आकाशात सोडलेल्या वस्तूची जबाबदारी सोडणाऱ्या देशावर राहते आणि १९७२ च्या करारानुसार जमिनीवरच्या नुकसानीची भरपाई त्याने द्यायची असते. ही भरपाई मागण्याचे ठळक उदाहरण १९७८ चे आहे. सोव्हिएत संघाचा अणुऊर्जेवर चालणारा उपग्रह कॅनडात पडला आणि पुढे त्याने ३० लाख कॅनेडियन डॉलर दिले.

वर फिरणारा कचरा हा सर्वांचा सारखाच शत्रू आहे, तरी तो वाढवण्यात मोठे देशच पुढे राहिले. क्षेपणास्त्राने उपग्रह फोडण्याच्या चाचण्या चीनने २००७ मध्ये, अमेरिकेने २००८ मध्ये, भारताने २०१९ मध्ये आणि रशियाने २०२१ मध्ये केल्या. चीनच्या चाचणीचे तुकडे अजूनही कक्षेत आहेत. जुलै १९७५ मध्ये अमेरिकेचे अपोलो आणि सोव्हिएत सोयूझ आकाशात जोडले गेले होते, आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर अमेरिकी व रशियन अंतराळवीर युक्रेन युद्ध सुरू असतानाही एकत्र राहिले. कारण तांत्रिक आहे: स्थानकाची वीज आणि कक्षा दोघांवर अवलंबून आहे, एकाने सोडून जायचे ठरवले तरी ते सहज जमत नाही. चीनसोबत नासाने द्विपक्षीय काम करण्यावर २०११ पासून अमेरिकी कायद्याचे निर्बंध आहेत, आणि चीनने स्वतःचे स्थानक उभारले आहे. चंद्राबाबतही दोन गट पडले आहेत. अमेरिकेच्या आर्टेमिस समझोत्यावर भारताने जून २०२३ मध्ये सही केली. चीन आणि रशिया वेगळे चांद्रकेंद्र आखत आहेत.

इंटरनेटच्या समुद्राखालच्या तारांचेही असेच दोन गट होऊ लागले आहेत. भारताच्या बहुतेक आंतरराष्ट्रीय तारा मुंबई आणि चेन्नईत किनाऱ्याला लागतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये हल्ल्याने निकामी झालेल्या ‘रुबीमार’ जहाजाचा नांगर फरफटत गेल्याने तांबड्या समुद्रातल्या तीन तारा तुटल्या, असे मानले जाते, आणि येमेनमध्ये परवानगी नेमकी कोणाकडून घ्यायची या वादात दुरुस्ती महिनोन्महिने रखडली. समुद्री तारांच्या संरक्षणाचा पहिला करार १८८४ चा, तारायंत्राच्या काळातला आहे, आणि दुरुस्तीच्या जहाजाला युद्धातही वाट मिळेल अशी पक्की तरतूद अजून झालेली नाही.

या सगळ्यातून पुढच्या काळाचा अंदाज बांधता येतो. मोठे, सर्वांना बांधणारे नवे करार महासत्तांमध्ये सध्या होतील असे दिसत नाही. जिथे मालकी ठरवायची आहे, पैसा आहे किंवा मित्रदेशाची बाजू घ्यायची आहे, तिथे ताण वाढत जाईल. क्रिल, समुद्रतळ आणि चंद्राचा दक्षिण ध्रुव ही त्याची ठिकाणे. बचाव, टक्कर टाळणे, हवामानाची माहिती, चाचेगिरी, तारांची दुरुस्ती, परतणाऱ्या रॉकेटांची आगाऊ सूचना या कामांत मात्र सहकार्य शक्य आहे आणि बरेचसे आजही चालू आहे. ते टिकवण्यासाठी खर्च फार नाही. चोवीस तास उचलला जाणारा फोन, एकमेकांची भाषा जाणणारे अधिकारी, ठरलेल्या दिवशी होणारी बैठक, आणि भांडण झाले तरी ही बैठक रद्द करायची नाही असा संकेत, एवढे लागते.

भारताची जागा यात वेगळी आहे. तो अमेरिकेच्या समझोत्यात आहे, रशियाच्या धावपट्टीचा लाभ घेतो, आणि चीनसोबत लार्समन टेकड्या सांभाळतो. तिन्ही बाजूंशी कामाचे संबंध असलेले देश थोडे आहेत. त्यामुळे तांबड्या समुद्रातल्या तारांच्या दुरुस्तीचे नियम किंवा रॉकेटांच्या अवशेषांबद्दल शेजारी देशांना आगाऊ कळवण्याची पद्धत यांसारखे छोटे प्रस्ताव भारताने मांडले, तर ते ऐकले जाण्याची शक्यता इतर अनेकांपेक्षा जास्त आहे. त्यासाठी लागणारी माहिती आणि अनुभव मुंबईचे बचाव केंद्र, गोव्याच्या दोन संशोधन संस्था आणि इस्रो यांच्याकडे आधीच आहे.